चौघं अजून दारातच उभी

जगावर आलेलं संकट अजून टळलेलं नाही, हे ताईने मला फोनवर सांगितलं तेव्हा माझी दाढी अर्धी झाली होती. एका गालावर फेस, दुसरा गाल गुळगुळीत आणि कानाशी फोन. अशा अवस्थेत माणसाला जगाच्या जबाबदारीची आठवण करून देऊ नये.

"अरे चिंगूस," ताई म्हणाली, "आपली ती चौघं अजून दारातच उभी असतील का रे?"

चिंगूस हे माझं नाव नाही. मी पन्नाशी ओलांडलेला, एका मोठ्या कार्यालयाच्या भांडाराचा प्रमुख आहे. कागद, पेनं, टाचण्या, खुर्च्या, पंखे असं सगळं माझ्या ताब्यात असतं. माझ्या भांडारातली एकही वस्तू आजवर संपलेली नाही, कारण मी ती सहसा कुणाला देत नाही. हाताखालची माणसं मला वचकून असतात. थोरल्या बहिणीने मात्र लहानपणी ठेवलेलं नाव तसंच चालू ठेवलं आहे. माझ्या बढत्या तिच्या खिजगणतीतही नाहीत.

चौघं म्हणजे कोण हे मला लगेच कळलं, आणि गालावरचा फेस पुसायचं भान राहिलं नाही.

आमच्या घरात संगणक आला तेव्हा ताई कॉलेजात होती आणि मी शाळेत. त्यावर एक खेळ होता. अंधारराजाने सूर्य पळवून एका दाराआड कोंडला आहे, त्यामुळे जगात कायमची संध्याकाळ झाली आहे, आणि सूर्य सोडवायला चौघं जण निघाली आहेत: एक योद्धा, एक जादूगारीण, एक चोर आणि एक वैद्य. नखाएवढी माणसं. आज कुणाला दाखवली तर ती माणसं आहेत हे आधी सांगावं लागेल. त्यांना चालवणं, लढवणं आणि त्यांचं सामान सांभाळणं हे माझं खातं होतं. बोलणं ताईकडे. असल्या खेळांत वाटेवर जो कोणी उभा असेल त्याच्याशी बोलता येतं, आणि ताई एकालाही सोडायची नाही. खेळ परक्या भाषेतला; ती वाचायची आणि मला आपल्या भाषेत सांगायची. त्यामुळे त्या जगातले मेंढपाळ, कोळी आणि लोहार माझ्या आठवणीत आजही मराठीत बोलतात, आणि तेही ताईच्या आवाजात.

आम्ही शेवटच्या दाराशी पोहोचलो आणि ताईला दुसऱ्या गावी नोकरी लागली. "परत आले की उघडू," म्हणून ती गेली. मग तिचं लग्न झालं, माझं झालं, मुलं झाली, त्यांचे दात पडले, पुन्हा आले. दार राहून गेलं.

"आता मी लेकीकडे चाललेय ना, कायमची," ताई म्हणाली. तिची लेक सातासमुद्रापलीकडे राहते. ताईचं घर विकून झालं होतं आणि विमानात बसण्याआधी ती थोडे दिवस आमच्याकडे राहायला येणार होती. "म्हटलं, जायच्या आधी तेवढा सूर्य सोडवून टाकू. आता राहिलं तर राहिलंच म्हणून समज."

हे शेवटचं वाक्य ती अगदी सहज बोलली. मला ते सहज ऐकता आलं नाही. "बघतो," मी म्हटलं. भांडारात माझ्या 'बघतो'चा अर्थ काय होतो हे कुणालाही विचारा. त्या दिवशी मात्र मी खरोखरच बघणार होतो.

संगणक आमच्या इमारतीच्या तळघरात होता. तिथे एक सामाईक खोली आहे. तिच्यात वस्तू ठेवायला कुणाचीही परवानगी लागत नाही, पण बाहेर काढायला रहिवासी समितीची बैठक लागते. हा नियम मीच सुचवला होता आणि तो मंजूर झाला त्या दिवशी मी खुशीत घरी आलो होतो. असा नियम आपल्यावरच लागू होतो तेव्हा त्याची भक्कम बांधणी लक्षात येते.

समितीचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्यासमोर बसलं की आपण गृहपाठ केलेला नाही असं उगीच वाटत राहतं.

"वस्तू?" त्यांनी विचारलं.

"जुना संगणक."

"बाहेर काढण्याचं प्रयोजन?"

मी बरीच गोलमोल वाक्यं तयार करून नेली होती. पण त्या खुर्चीत काय जादू आहे कोण जाणे, माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं. "सूर्य सोडवायचा आहे."

 तळमजल्यावरच्या मावशींनी विचारलं, ह्या कामासाठी लिफ्ट किती वेळ अडकून राहील. दुसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांनी जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, त्यांनी आजार किती जुना आहे अशी चौकशी केली. सचिवांनी डोळे मिटून विचार केला आणि परवानगी दिली. अट एकच: सूर्य सुटल्यास इमारतीच्या गच्चीवरील कुणाच्याही हक्कात त्यामुळे बदल होणार नाही.

संगणक बाहेर आला तेव्हा त्याच्यावर इतकी धूळ होती की आम्ही आधी दुसऱ्याचाच संगणक पुसत बसलो होतो. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दोन ठिकाणी टिचकी मारून कान लावला आणि निदान केलं: "दमटपणा धरलाय. दोन दिवस कोवळ्या उन्हात ठेवा, मग सावलीत. आणि एकदम वीज द्यायची नाही हं. आधी थोडी थोडी द्यायची. पचली की वाढवायची."

थोडी थोडी वीज कशी द्यायची, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण मग ते सांगत बसले असते. पण उन्हाची सूचना मी पाळली. खिडकीतल्या उन्हात तो पिवळट पडलेला संगणक ठेवून मी समोर बसलो, आणि खरं सांगतो, काचेवर पडलेल्या उजेडात मला ती संध्याकाळची निळी झाडं दिसायला लागली. चौकोनी झाडं, चौकोनी डोंगर, चौकोनी तळं. त्या तळ्याकाठी एक कोळी उभा असायचा. तो अजून उभा असेल. इतकी वर्षं जाळं टाकून उभा राहायचं म्हणजे गंमत नाही.

"अहो, तुम्ही बंद संगणकाकडे बघून हसताय," बायको म्हणाली.

"तो वाळतोय," मी म्हटलं. ह्यातून काही खुलासा होत नाही हे मला बोलल्यावर कळलं.

दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. संगणक वजनाने असा, की उचलला तर पाठ जायची. तेव्हा तळमजल्यावरच्या मावशींनी नातवाची बाबागाडी दिली. काकांनी वारा लागू नये म्हणून वर शाल पांघरायला लावली. अशा रीतीने मी, एक जबाबदार अधिकारी, भर सकाळी बाबागाडी ढकलत निघालो. रस्त्याला खड्डे असल्यामुळे मी हळूहळू चाललो होतो. एका अनोळखी बाईंनी वाकून, "झोपलं वाटतं," असं म्हणत शाल जरा बाजूला केली. मग त्यांनी ती घाईने परत ओढली. त्या पलीकडच्या फुटपाथवर गेल्या आणि तिथून मागे वळून बघत राहिल्या.

हे पुरेसं नव्हतं म्हणून की काय, कोपऱ्यावर माझे साहेब भेटले. कार्यालयातले माझे वरिष्ठ. त्यांनी गाडी पाहिली, माझे पिकलेले केस पाहिले, आणि दोन्ही हातांनी माझा हात दाबला.

"अभिनंदन," ते हळू आवाजात म्हणाले. "बोलला नाहीत ते!"

मी काही सांगायच्या आत ते घाईने निघून गेले. दुसऱ्या दिवशी भांडारात सगळे माझ्याशी विशेष प्रेमाने वागत होते आणि कुणीतरी टेबलावर झबलं ठेवलं होतं. मी ते कपाटात जमा केलं.

दुरुस्तीवाला मोठ्या डॉक्टरसारखा आतून हात पुसत बाहेर आला. "घरचे कोण?" असं त्याने विचारलं आणि मला बाजूला घेतलं. "वय झालंय. उठवायचंच आहे का तुम्हाला? हा खेळ आता नव्या संगणकावरही मिळतो. चुटकीसरशी बसवून देतो. चित्रंही चांगली."

"त्यात आमची चौघं असतील?"

"चौघं असतील की. नवी कोरी."

"आमची?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पेचकस उचलला. माझी चौघं ह्याच यंत्राच्या पोटात होती, आणि त्यांना तिथे दारात ताटकळत ठेवून दुसऱ्या कुणाला घेऊन सूर्य सोडवायला जायचं हे मला पटण्यासारखं नव्हतं. माणसाने काही धरबंद ठेवावा.

संगणक परत आला आणि जेवणाच्या टेबलावर बसला. आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवायला लागलो. मी बटण दाबलं तेव्हा आधी नुसतीच घरघर झाली, मग काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली आणि मग खेळ सुरू होतानाचे ते तीन स्वर वाजले. तेच. वर जाणारे दोन आणि खाली येणारा एक. मी लगेच यंत्र बंद केलं. ताई आल्याशिवाय पुढे बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण ते तीन स्वर काही बंद झाले नाहीत. दिवसभर भांडारातल्या उंच मांडण्यांमधून मी ते ऐकत फिरलो. टाचण्यांच्या डब्यांपलीकडे, कागदांच्या गठ्ठ्यांपलीकडे कुठेतरी निळसर संध्याकाळ आहे, आणि वळण घेतलं की एखादा मेंढपाळ उभा दिसेल आणि त्याच्याशी बोलावं लागेल, असं वाटत होतं. वळणावर शिपाई उभा होता. त्याने स्टेपलर मागितला आणि मी तो देऊन टाकला. ही बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेल्याचं नंतर कळलं.

ताई आली ती दोन भल्यामोठ्या बॅगा आणि शिवाय गाठोडी घेऊन. "घर आवरलं, पण हे काही टाकवेना," ती म्हणाली. विमानात ह्यातलं निम्मंही नेऊ देणार नव्हते. हातपाय धुऊन, चहा घेऊन ती थेट टेबलाशी येऊन बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "लाव."

दुपारची वेळ होती. उजेडात काच दिसेना म्हणून बायकोने पडदे ओढले. खोलीत अंधुक झालं आणि ती निळी संध्याकाळ आमच्या भिंतींवर उतरली, ताईच्या पांढऱ्या केसांवरही. डोंगराच्या कडेला, एका मोठ्या दारासमोर, चौघं उभी होती. योद्धा पुढे, त्याच्यामागे जादूगारीण, मग चोर, मग वैद्य. आम्ही त्यांना जसं सोडलं होतं तशीच. एकही बसलं नव्हतं.

"अगं बाई," ताई म्हणाली आणि तिने काचेवर बोट ठेवून चौघांना मोजलं.

दाराशी एक म्हातारा द्वारपाल होता. त्याला आम्ही पूर्वी पाहिलंच नव्हतं. मी एक पाऊल पुढे टाकल्यावर तो प्रकट झाला. ताईने त्याचं म्हणणं वाचलं. "म्हणतोय, सामान फार आहे. हलके होऊन या."

आता सामान हे माझं खातं. मी चौघांच्या पिशव्या उघडून दाखवल्या आणि ताईने कपाळावर हात मारला. वाटेत जे जे पडलेलं दिसलं ते ते मी उचललं होतं. लागेल कधीतरी! दोराची भेंडोळी, मशाली, वाळलेल्या भाकऱ्या, पोचे आलेल्या ढाली, एकेका पायाचे बूट. आणि औषधाच्या बाटल्या. जखमी माणसाला पाजली की तो टुणकन उठून बसतो अशा लाल रंगाच्या बाटल्या, वैद्याच्या पिशवीत, चोराच्या पिशवीत, योद्ध्याच्या शिरस्त्राणातसुद्धा. सबंध प्रवासात मी त्यातली एकही वापरली नव्हती. चौघं लंगडत, रक्ताळलेली दाराशी पोहोचली होती, पण साठा अबाधित होता.

मी द्वारपालासमोर एक भाकरी खाली ठेवली. "हलके होऊन या," तो म्हणाला. मी दुसरी ठेवली. "हलके होऊन या." एक बूट ठेवला. तेच उत्तर. चिडचिड नाही, खुलासा नाही, डोळ्याची पापणी हलवणं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला माझ्या तोडीचा माणूस पहिल्यांदाच भेटत होता.

"टाक की सगळं तिथेच," ताई म्हणाली.

"असं कसं टाकायचं? चांगल्या वस्तू आहेत." कार्यालयात एखादी मोडकी खुर्ची निकालात काढायची तर तीन सह्या लागतात. इथे नुसती कळ दाबायची म्हणजे काय!

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या स्वतःच्या गाठोड्यांकडे पाहिलं. "टाकवत नाही ना? मग देऊ या. मागे फिरव त्यांना."

आणि आमची चौघं त्या दारापासून मागे फिरली.

तेव्हापासून रोज मी कार्यालयातून लवकर घरी यायचो, पडदे ओढले जायचे आणि आम्ही त्या संध्याकाळच्या जगात शिरायचो. जिथून आलो होतो तिथे तिथे पुन्हा गेलो. विहिरीवरच्या बाईला दोर दिला. मेंढपाळाला भाकऱ्या दिल्या. लोहाराला सगळ्या ढाली दिल्या. त्या जगात प्रत्येकाला एकच वाक्य बोलता येतं, पण ताई त्यांच्याशी असं बोलायची की त्या एका वाक्यात पुष्कळ काही आहे असं वाटायचं. "म्हणतोय, आज मासा लागला नाही," ती कोळ्याचं वाचून सांगायची, आणि मग स्वतःच म्हणायची, "लागेल हो. आम्ही निघालोय ना सूर्य आणायला. आता येणं व्हायचं नाही बरं का, सांभाळून राहा." हे शेवटचं खेळात लिहिलेलं नसायचं. मी कोळ्याला मशाल द्यायचो. त्याला मशाल कशाला, विचारू नका. त्याने घेतली.

झाडांमधून ती चार ठिपक्यांची रांग पुढे सरकत असताना सगळे काचेजवळ सरकायचे. बायको भाजी निवडायला घेऊन यायची ती निवडायची विसरून बसायची. एकदा काका वीज पचतेय का बघायला आले आणि दुपारभर राहिले. मला वाटायचं, आपण सगळेच ह्या निळ्या उजेडात असे कितीही दिवस राहू शकू. कुणाला काही लागणार नाही, कुणाला कुठे जायचं असणार नाही.

"चिंगूस," एकदा ताई म्हणाली, "तळ्याला वळसा घालून कशाला नेतोयस? मघाशी पूल होता की."

"इकडून देखावा बरा आहे."

"काल टेकडीवरून नेलंस."

 ती माझ्याकडे बघतेय हे मला कळत होतं. मी काचेकडे बघत राहिलो आणि चौघांना तळ्याच्या काठाकाठाने, शक्य तितकं हळू, चालवत राहिलो.

इकडे ताईची गाठोडीही कमी होत होती. काकांकडे तिचं भिंतीवरचं घड्याळ गेलं. सचिवांकडे जाडजूड शब्दकोश गेला. त्यांनी उभ्या उभ्या त्यातली एक चूक काढली आणि खूश होऊन घेऊन गेले. आमच्या स्वयंपाकघरात तिची पातेली आली. एका संध्याकाळी मी पाहिलं तर कोपऱ्यात फक्त दोन बॅगा उरल्या होत्या. त्या सहज उचलता येत होत्या. मला त्या मुळीच आवडल्या नाहीत.

उद्या विमान, अशी दुपार आली. चौघं दाराशी पोहोचली. पिशव्यांत आता लाल बाटल्या तेवढ्या होत्या. "ह्या नाही देणार," मी ताईला आधीच सांगितलं होतं. द्वारपालाने बघितलं आणि काही न बोलता बाजूला झाला. दार उघडलं.

आत अंधारराजा बसला होता. काळा चौकोन आणि त्यात दोन लाल ठिपके. मी योद्ध्याला पुढे काढलं, पण ताईने माझा हात धरला. "थांब. आधी बोलू दे." तिने कळ दाबली, वाचलं आणि तिला हसू आवरेना. "म्हणतोय, तुम्ही फार उशीर केलात!"

"सांग त्याला, मुलंबाळं झाली," बायको म्हणाली.

मग लढाई सुरू झाली. अंधारराजा भलताच जबरदस्त निघाला. पहिल्याच तडाख्यात चोर कोसळला. योद्धा डगमगायला लागला. जादूगारीण अर्धी फिकी झाली.

"पाज ना औषध!" ताई ओरडली.

"अजून आहे थोडा जीव त्याच्यात," मी म्हटलं. हात कळीवर होता, पण कळ दाबवत नव्हती. ही वापरली की एक कमी होणार. पुढे काही झालं तर?

"पुढे काय आहे आता? हाच शेवट आहे!" ताई म्हणाली. "पाज रे!"

मी पाजली. चोर टुणकन उठून बसला. जन्मात पहिल्यांदा माझ्या साठ्यातली एक बाटली कमी झाली आणि आभाळ काही कोसळलं नाही. मी योद्ध्याला पाजली. जादूगारिणीला पाजली. वैद्याला काही झालं नव्हतं, त्यालाही एक पाजली. "अहो, पुरे!" बायको म्हणाली, पण मी ऐकतोय कसला! मी बाटल्या उडवत होतो, ताई ओरडत होती, काका दारात उभे राहून मात्रा सांगत होते, आणि माझी चौघं पडत होती, उठत होती, पडत होती, उठत होती. शेवटची बाटली संपली आणि त्याच वेळी तो काळा चौकोन मधोमध तडकला.

सूर्य बाहेर आला. निळं सगळं हळूहळू सोनेरी झालं. झाडं, डोंगर, तळं. आमची खोलीही उजळली. काचेवर अक्षरं आली. ती मला आता वाचता येत होती, पण मी ताईकडे बघितलं. तीच वाचून सांगणार.

"म्हणतंय, जगात सकाळ झाली," ताई वाचू लागली. "लोक घराबाहेर आले. आणि चौघांनी एकमेकांचा निरोप घेतला आणि…" ती थांबली. काचेवर योद्धा वरच्या बाजूला निघाला होता, जादूगारीण उजवीकडे, चोर डावीकडे, वैद्य खाली. इतकी वर्षं एका रांगेत उभी असलेली माणसं. "आणि आपापल्या वाटेने गेली," तिने कसंबसं पुरं केलं.

चौघं काचेच्या कडांपलीकडे गेली. मोकळी पिवळी जमीन उरली. काका हळूच निघून गेले.

"ताई, तू जाऊ नकोस ना," मी म्हटलं. पन्नाशीच्या माणसाने, बायकोसमोर. पण म्हटलं.

ताईने चष्मा काढला. "जाणार रे. घर रिकामं झालं, तिकडे लेक वाट बघतेय. आणि मला आता एकटीने राहवत नाही." तिने पदराने डोळे पुसले आणि मग माझेही पुसले. मी लहान असताना पुसायची तसेच, जरा जोरात. "पण मला तिकडे कुणी आपलं बोलायला लागेल. तू येशील का?"

"रजा मिळायला हवी," मी म्हटलं.

"मिळायला हवी काय!" बायको म्हणाली. "नोकरीला लागल्यापासून ह्यांनी एक रजा घेतली असेल तर शपथ. नुसता ढीग साठलाय तिकडे."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मला कुठे बघावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मी तिला विमानतळावर सोडलं. बॅगा वजनात बसल्या. काचेच्या दारापलीकडे जाताना ती वाटेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याशी काहीतरी बोलत होती आणि प्रत्येक जण तिला हसून काहीतरी सांगत होता, तेवढं मला लांबून दिसत राहिलं. मग दिसेनाशी झाली. मी घरी गेलो नाही, थेट कार्यालयात गेलो आणि साहेबांच्या खोलीत शिरलो.

"साहेब, रजा हवी होती."

"कुणाला?" साहेबांनी विचारलं.

"मला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती?"

"आहे तेवढी सगळी."

साहेब उठले, दार लावून आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. "घरी काही अडचण आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं. "बहीण लांब राहते."